दरवानाची डुलकी

कंपनीत त्याला सगळे कडीकोयंडा म्हणायचे. तोंडावर ‘साहेब’, पाठ वळली की कडीकोयंडा. नाव ज्यानं कोणी ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं होतं, कारण माणूस अगदी तसाच होता. घरून निघाला की जिन्याच्या पहिल्या वळणावरून परत यायचा आणि दाराचं कुलूप ओढून बघायचा. आत आई आणि बायको असल्या तरी परत यायचा. एकदा ओढायला कुलूपच सापडेना, तेव्हा सवयीनं लावून टाकलं आणि कामावर निघून गेला. दोघी दुपारपर्यंत आत, आणि शेजारीण बाहेरून खिडकीतून त्यांच्याशी गप्पा मारत बसली.

संध्याकाळी त्यानं बेल वाजवली की बायकोनं लगेच दार उघडता कामा नये, हा त्याचा आग्रह. आधी ‘कोण?’ विचारायचं. बायको बिचारी विचारायची. पण एकदा तिचीही सटकली.

“कोण?”

“मी.”

“कशावरून?”

तो खूश झाला. बारा वर्षांच्या संसारात बायकोनं पहिल्यांदाच शहाणा प्रश्न विचारला होता. मग त्यानं बाहेर उभं राहून लग्नाची तारीख सांगितली, सासऱ्यांच्या चपलेचं माप सांगितलं, सकाळी डब्यात कोणती भाजी होती ते सांगितलं. वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याला टेकून ऐकत होते. भाजी चुकली, म्हणून बायकोनं आणखी थोडा वेळ उभं केलं.

आता अशा माणसाला देवानं नोकरी तरी कसली द्यावी? तर दारं बंद करायची. त्याची कंपनी औषधांचे बोलके डबे बनवायची. गोळीची वेळ झाली की डब्याचं झाकण टक्कन उघडतं आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात डबा आठवण करतो. डब्यात नखाएवढी चिप असते. वीज मिळाली की त्या चिपमध्ये सगळ्यात आधी जागा होतो एक छोटासा प्रोग्रॅम. त्याला कंपनीत दरवान म्हणत. दरवानाचं काम एकच. पुढे जो मोठा प्रोग्रॅम डबा चालवणार, त्याच्यावर कंपनीचा शिक्का आहे का ते बघायचं. शिक्का ओळखीचा निघाला तर या, बसा. नाही तर दार बंद, डबा मुका. उद्या एखाद्या भामट्यानं भलताच प्रोग्रॅम घुसवला आणि डब्यानं कुणाच्या आजीला एका सकाळीच दिवसभराच्या गोळ्या घ्यायला लावल्या, म्हणजे?

कोणता शिक्का खरा मानायचा, याचा ठसा चिपच्या पोटात बारीक तारा जाळून उमटवतात. एकदा जळलं की जळलं. खोडता येत नाही, बदलता येत नाही. हे ठसे ठरवणं आणि दरवान शहाणा आहे की नाही हे सांगणं, ही कडीकोयंड्याची जबाबदारी. नव्या डब्यांसाठीही पहिल्यापासूनची चिपच घ्यायची होती, आणि तिच्यावर तर त्याचा जीव जडला होता. असा दरवान होणे नाही, असं तो मोठ्या साहेबांना सांगून बसला होता.

त्याच्या या प्रेमप्रकरणात बिब्बा घातला टाचणीबाईंनी. या बाई अंगानं टाचणीएवढ्या आणि काम म्हणजे चिपला सुया टोचून तिच्या खोड्या शोधणं. त्यांनी एका बैठकीत शांतपणे सांगितलं, “तुमचा दरवान डुलकी घेतो.”

“म्हणजे काय?”

“तो शिक्का तपासत असतो, नेमक्या त्याच क्षणी विजेला किंचित खाली ओढायचं. क्षणभर त्याला झापड येते. डोळे उघडेपर्यंत तपासणी झाली असंच त्याला वाटतं, आणि तो समोरच्याला आत सोडतो.”

“असं तुमच्या टेबलावर होत असेल, बाई,” कडीकोयंडा म्हणाला. “जगात होत नाही.”

“जगात टेबलं असतात की,” बाई म्हणाल्या.

सगळे हसले. कडीकोयंड्याला ते लागलं. चिपचा दरवान तिच्या जन्माच्या वेळीच कोरलेला असतो, मागाहून त्याला कुणी शिकवू शकत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तसलाच प्रकार. म्हणजे बाईंचं खरं मानायचं तर ती चिपच सोडायची, आणि त्यानं आपला शब्द गिळायचा. शब्द गिळणं त्याला कधी जमलंच नव्हतं. “चिप अभेद्य आहे” असा अहवाल लिहून त्यानं तो शुक्रवारच्या बैठकीसाठी तयार ठेवला.

आता त्याच्या घरच्या डब्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून घडलं.

आईकडे कंपनीचा अगदी पहिल्या खेपेतला डबा होता. चिप तीच, पण तेव्हा कुणी ठसा उमटवत नसे, त्यामुळे दरवान कुणालाही आत सोडायचा. त्या डब्यात आवाज होता बाबांचा. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. आजारी पडले तेव्हा त्यांना स्वतःच्या गोळ्यांपेक्षा बायकोच्या गोळ्यांची काळजी, कारण ती हमखास विसरायची. अंथरुणात बसून त्यांनी तिच्यासाठी तो आवाज भरला. नंतर ते गेले, आणि डबा बोलत राहिला. सकाळी झाकण उघडायचं आणि बाबा म्हणायचे, “अगं, गोळी घेतलीस का? नसशील घेतली तर घे. घेतली असशील तर माझं डोकं खाऊ नकोस.”

“घेतली हो!” आई स्वयंपाकघरातून ओरडायची. “तुमच्या आधी घेतली!” घेतलेली नसायची. मग यायची, घ्यायची, आणि डब्यावर बोट नाचवून म्हणायची, “जिवंतपणी एक ग्लास पाणी दिलं नाहीत, आता हुकूम सोडताय.” असं रोज, सकाळ-संध्याकाळ. सून म्हणायची, सासूबाईंचा संसार अजून जोरात चालू आहे.

हा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. घरातलं बोलणं घरातच राहावं म्हणून आवाज डब्याबाहेर काढता येऊ नये, अशी सोय कंपनीनं मुद्दाम केली होती. सोय सुचवणारा कोण, ते सांगायला नको.

तर एका सुट्टीच्या दुपारी कडीकोयंड्याच्या मनात आलं, की सगळ्या जगाच्या दारांना आपण कड्या लावतो आणि आपल्याच आईचा डबा सताड उघडा! दिव्याखाली अंधार! लगेच लॅपटॉप काढला, डबा जोडला आणि ठसा उमटवायला बसला.

लॅपटॉपवर दोन ठसे होते. एक कंपनीच्या खऱ्या शिक्क्याचा, दुसरा सरावाच्या शिक्क्याचा. चोरानं लॅपटॉप उघडलाच तर त्याला कळू नये म्हणून त्यानं एकाचं नाव ठेवलं होतं ‘वाणसामान’ आणि दुसऱ्याचं ‘जुनं वाणसामान’. कोणतं कुठलं ते फक्त त्यालाच ठाऊक. जेवण जड झालेलं, डोळे मिटत होते, आणि चोरासाठी रचलेल्या त्या घोटाळ्यात तो स्वतःच सापडला. चिपच्या पोटात सरावाचा ठसा कायमचा उमटला.

एवढ्यानंही बिघडलं नसतं. सरावाचा शिक्का हातात असता तर डब्याच्या प्रोग्रॅमवर तोच मारता आला असता. पण कडीकोयंड्याचा एक नियम होता, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता: सरावाचा शिक्का रोज नवा करायचा आणि काम संपलं की मागमूस राहणार नाही असा पुसून टाकायचा. डबा चालूच होता. दरवान काय ते विचारतो ते वीज जाऊन नव्यानं मिळते तेव्हा, एरवी नाही. चालू डबा बघून त्याला वाटलं, झालं काम. त्यानं शिक्का पुसला आणि समाधानानं ताणून दिली.

दुसऱ्या दिवशी बायकोनं धूळ पुसायला डबा काढला, पुन्हा जोडला, आणि डबा गप्प.

दरवानानं आपलं काम चोख केलं होतं. प्रोग्रॅमवर शिक्का कंपनीचा, पोटात ठसा सरावाचा. जमत नाही, दार बंद. आत बाबांचा आवाज जसाच्या तसा, आणि बाहेर त्यांचा मुलगा हातात काही नसलेला. कडीकोयंड्यानं डबा उलटा केला, सुलटा केला, पुसलेला शिक्का लॅपटॉपच्या कानाकोपऱ्यात शोधला. पण पुसण्याचं काम त्यानं स्वतः केलं होतं, म्हणजे ते उत्तमच झालं होतं.

आईला सांगायची हिंमत होईना. शेवटी बायकोनंच सांगून टाकलं, “आई, यांनी वाणसामान समजून बाबांना कुलूप घातलं.”

आईला वाटलं, चेष्टा आहे. मग मुलाचा चेहरा बघितला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “बंद केलंस ते केलंस. उघड आता.”

“उघडत नाही, आई. कुणालाच उघडत नाही. तेच तर त्याचं चांगलं आहे.”

“काय चांगलं आहे त्यात?” आईनं विचारलं.

त्यानंतर आई गोळ्या वेळेवर घ्यायला लागली. न सांगता, न विसरता, मुकाट्यानं. घड्याळाकडे बघायची, पाणी घ्यायची, गोळी टाकायची आणि डबा फडक्यानं पुसून जागेवर ठेवायची. घरात भांडण म्हणून उरलं नाही. ती शांतता कडीकोयंड्याला खायला उठली. बाबा गेले तेव्हा धावपळीत त्याला नीट रडायलाही फुरसत झाली नव्हती. आता जेवताना मध्येच त्याचा घास अडकायचा, आणि आई त्याच्याकडे न बघता पाण्याचा ग्लास पुढे सरकवायची.

आणि मग एका सकाळी, कामावर जाताना, त्याच्या लक्षात आलं की जगात एकच माणूस म्हणतो की हा दरवान डुलकी घेतो. तो जिन्यातच थांबला. त्या दिवशी तो कुलूप बघायला परत गेला नाही.

टाचणीबाई सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या. हा त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, खाकरला, खिडकीकडे बघितलं.

“बाई, ते डुलकीचं तुम्ही म्हणाला होता.”

“जगात होत नाही ते?”

“हं. तेच. ते… नक्की होतं का?”

बाईंनी डोळा वर केला. इतक्या दिवसांत या माणसानं त्यांना पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता, आणि तोही रडवेल्या आवाजात. त्यानं सगळं सांगितलं. वाणसामानापाशी बाईंना हसू आलं, बाबांच्या आवाजापाशी गेलं.

“उघडेल बहुतेक,” त्या म्हणाल्या. “पण ऐका. माझ्याकडे चिपा पोत्यानं असतात. एक मेली तर दुसरी घेते. तुमचा डबा एकच आहे. झटका कमी पडला तर दरवान जागा राहतो, जास्त झाला तर चिपच जाते. मग आवाजही गेला. विचारून या घरी.”

तो विचारायला गेला आणि आईलाच घेऊन आला. ती डबा त्याच्या हातात द्यायला तयार नव्हती. “तुझ्या हातात दिला होता एकदा,” एवढंच म्हणाली.

प्रयोगशाळेत तिला फिरत्या स्टुलावर बसवलं. ती डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि टाचणीबाईंनी हात पुढे केल्यावर आधी त्यांच्या बोटांकडे नीट बघून मगच तिनं तो दिला. बाईंनी झाकण काढलं, चिपच्या पायांना दोन बारीक तारा जोडल्या, पडद्यावर विजेची रेघ आली.

“मावशी, हा इथे उंचवटा दिसतो ना, इथे तो शिक्का बघतो. नेमकं इथेच त्याला झोप आणायची.”

“यांना बरं झोप आणावी लागत नसे,” आई म्हणाली. “पेपर हातात घेतला की घोरायचे.”

पहिला झटका. डबा गप्प. दुसरा. गप्प. बाई क्षण किंचित पुढे सरकवायच्या, पुन्हा झटका, पुन्हा गप्प. कडीकोयंडा त्यांच्या मागे उभा राहून मनातल्या मनात सगळ्या देवांना साकडं घालत होता, की माझा दरवान नालायक निघू दे. त्याला सगळ्यात हरामखोर, आळशी, झोपाळू दरवान कर. पण वर्षानुवर्षांची मेली सवयच अशी, की पुढचा झटका फुकट गेला आणि याच्या तोंडून निघून गेलं, “बघा! म्हटलं नव्हतं?”

बाईंनी तारा खाली ठेवल्या. आई स्टुलावर हळूहळू वळली.

“काय बघा?” तिनं विचारलं.

कडीकोयंडा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “काही नाही,” तो म्हणाला. मग त्याला कुठून अवसान आलं कोण जाणे. “काही नाही, आई. मी गाढव आहे. बाई, तुमचं खरं निघू दे. मला बाबांचा आवाज हवाय. तुला हवाय म्हणून नाही, मलाच हवाय.”

आईनं पाय लांब करून दुसरं स्टूल त्याच्याकडे ढकललं. तो बसला.

बाईंनी झटका थोडा वाढवायचं ठरवलं. वाढवताना त्यांचाही हात थांबला, आणि त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “करा. असा मुका ठेवून तरी काय करायचंय?”

झटका बसला. पडद्यावरची रेघ खाली गेली, वर आली. डब्यातला बारीक दिवा लागला, विझला. कडीकोयंड्यानं डोळे मिटले. मग दिवा पुन्हा लागला, झाकण टक्कन उघडलं, आणि राहून गेलेल्या सगळ्या वेळा एकदम आठवल्यासारखे बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, “अगं, गोळी घेतलीस का?”

“घेतली हो! घेतली!” आई ओरडली आणि डोळ्याला पदर लावला. “रोज घेतली, विचारा हवं तर!”

तेवढ्यात दारात मोठे साहेब. हातात अहवाल. “काय रे, यावर तुझी सही राहिली. चिप अभेद्य ना?”

“नाही, साहेब!” कडीकोयंडा आनंदानं उडी मारून म्हणाला. “एकदम भिकार! आत्ता माझ्या डोळ्यांदेखत फुटली! कुणीही फोडावी! घेऊच नका!” आणि त्यानं टाचणीबाईंचा हात हातात घेऊन इतका हलवला, की त्यांची सुई टेबलाखाली पडली. साहेबांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा पदरानं डोळे टिपणाऱ्या आईकडे बघितलं, आणि अहवाल घेऊन हळूच मागे फिरले.

बाईंनी सुई शोधून काढली. “आता दार उघडं आहे तोवर आवाजाची नक्कल काढून घेऊ, तुमची ती सोय माझ्या सुईला अडवत नाही,” त्या म्हणाल्या. “वीज गेली की हा पुन्हा दार लावून बसेल.” नक्कल काढता काढता त्या थबकल्या. “मावशी, यात आणखी काही आहे. आवाज भरायची तालीम करताना भरलेलं दिसतंय, नंतर रद्द केलेलं. डबा ते वाजवत नाही, पण पुसतही नाही. लावू?”

आईनं मान हलवली. आधी भांड्यांचा आवाज आला. मग बाबा.

“अगं, गोळी घे— अगं भांडी ठेव ना जरा, मी बोलतोय यात.”

“मग बोला की. तुम्हाला कोणी धरलंय?” हा आवाज आईचाच होता, लांबून, स्वयंपाकघरातून. स्टुलावरची आई दचकली. इतकी वर्षं ती एका डब्याला उत्तरं देत होती. आज पहिल्यांदा त्या उत्तराला पलीकडून उत्तर येत होतं.

“तूच ओरडतेस, मग ते सगळं यात जातं.”

“जाऊ दे. आणि हा डबा बिघडला तर हो?”

“बिघडेल ना. आपल्या पोरानं बनवलाय.” बाबांचा खोकला, आणि मग खोकल्यातलं हसू. “रेडिओचं काय केलं होतं आठवतंय? आधी बिघडवेल. मग म्हणेल, मी नाहीच बिघडवला. मग रडकुंडीला येऊन कुणाला तरी धरून आणेल आणि करून घेईल बरोबर. वेळ लागेल, पण करेल. तू त्याला फार बोलू नकोस.”

एवढंच होतं. टाचणीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. आई हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं हात लांब करून मुलाच्या पाठीवर ठेवला.

“परत लावा,” कडीकोयंडा म्हणाला.